कोरडं फ्रीव्हील

१

फेरीबोटीवर सायकल बांधायची माझी एक रीत आहे, आणि त्यात मी कोणाला हात घालू देत नाही. दोर चाकाला नाही, चौकटीला बांधायचा. चौकट आणि लोखंडी कठडा यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवायचा. शेवटी दोन्ही ब्रेक दाबून मुठींवर रबराचे पट्टे चढवायचे, म्हणजे बोट कितीही डोलली तरी चाक जागचं हलत नाही. कोयाइकेत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दर उन्हाळ्यात फेरीवरून उतरलेले लोक वाकडी चाकं घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना हेच सांगतो. ते मान डोलावतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वाकडं चाक घेऊन येतात.

त्या संध्याकाळी तोर्तेलला फेरीवर चढल्यावरही मी तेच केलं. माझी सायकल बांधली, नेल्दाची बांधली, शेजारी दोन जर्मन पोरांनी नुसत्या टेकवून ठेवल्या होत्या त्याही बांधल्या. नेल्दा म्हणजे माझी बायको. एरवी अशा वेळी ती म्हणते, एवढी काळजी माझी घेतली असतीस तर मी अजून तरुण दिसले असते. त्या दिवशी ती नुसती उभी होती.

कारण सायकली तीन असायला हव्या होत्या. आमची मुलगी रायेन आमच्या दुप्पट वेगाने चालवते. दर सुट्टीत आम्ही तिघं दक्षिणेकडे निघतो, आणि चढ लागला की ती पुढे, आम्ही मागे. या वेळी ठरलं होतं की तिने तोर्तेलला थांबायचं आणि पुढे फेरीने तिघांनी मिळून जायचं. आम्ही पोचलो तेव्हा मुक्कामाच्या घरातली बाई म्हणाली, ती तर तीन दिवसांपूर्वीच गेली. एदेन गावचा एराल्दो म्हणून शिंपले काढणारा कोळी आहे, त्याच्या नारिंगी होडीत सायकलसकट बसून गेली. निरोप ठेवून गेली होती, की एदेनला भेटू, तोवर मी शिंपले खाऊन जाडी होते.

ती होडी एदेनला पोचलीच नव्हती. रेडिओवर एराल्दोचा आवाज नव्हता. पश्चिमेकडे, जिथे खाडी उघड्या समुद्राला मिळते, तिथे कोणालातरी नारिंगी काहीतरी तरंगताना दिसलं होतं, म्हणून नौदलाची बोट तिकडे शोधत होती. आम्ही काय करणार? रस्ता तिथे संपतो. दक्षिणेला जाणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही फेरी, आणि ती एदेनला थांबते. म्हणून आम्ही सहलीला निघाल्यासारखे सायकली घेऊन चढलो. जीव मुठीत धरून, पण सायकली नीट बांधून.

शेवटची गाठ मारून मी उठलो, आणि मला रायेनच्या सायकलचं फ्रीव्हील ऐकू आलं.

२

ज्यांना सायकलची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक येते. चाकाच्या पोटात फ्रीव्हील असतं, त्यात बारीक खटके असतात, आम्ही दुकानदार त्यांना कुत्रे म्हणतो. ते दात्यांवरून उड्या मारत जातात, तो हा आवाज. पायडल मारायला लागलं की कुत्रे दाते धरतात आणि आवाज बंद. म्हणजे टिकटिक ऐकू आली तर चालवणारा आराम करतोय. शांतता असली तर तो कष्ट करतोय, किंवा थांबलाय. किंवा पडलाय. नुसत्या कानाने यातलं कुठलं खरं ते कळत नाही.

खोकला ऐकून घरातला माणूस ओळखावा, तसं मी चाक ओळखतो. रायेनचं तर मी स्वतः बांधलेलं. त्यातल्या एका कुत्र्याची स्प्रिंग जरा हलकी आहे, त्यामुळे ते लंगडत बोलतं: दोन ठोके मोठे, एक दबका. आणि मी ते कोरडं ठेवतो. इतर मेकॅनिक आत ग्रीस भरतात, त्याने चाक मुकं होतं. मी दर हिवाळ्यात तिचं फ्रीव्हील उघडतो, पुसतो, पातळ तेलाचा एकच थेंब सोडतो आणि बंद करतो. डोंगरातल्या वाऱ्यातही ती कुठे आहे ते मला कळलं पाहिजे. संध्याकाळी ती दुकानाच्या वळणावर आली की मी मान वर न करता चहाचं पाणी ठेवतो. ती वैतागते. म्हणते, बाबा, मी येतेय हे अख्ख्या कोयाइकेला कळतं. नेल्दा म्हणते, त्यापेक्षा तिच्या गळ्यात गाईची घंटा बांध.

तर तो आवाज. दोन मोठे, एक दबका. सावकाश.

मी आधी आमच्या सायकली बघितल्या. ब्रेकवर पट्टे होते, चाकं घट्ट होती. जर्मन पोरांच्या सायकलींवर हात ठेवून बघितला. मग ट्रकांच्या मधून गेलो. बारिया नावाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, तिथे साखळ्या आवळत होता, दाढीत पांढरं आलेला, कमी बोलणारा माणूस. त्याला विचारलं, अजून कुठे सायकल ठेवलीय का. तो म्हणाला, नाही, आणि टिकटिक म्हणत असाल तर ती साखळ्यांची असेल, बोट हलली की सगळंच बोलतं.

मी साखळीवर हात ठेवला. ती गार आणि गप्प होती. आवाज चालूच होता. मी त्याच्या मागे मागे गेलो आणि बोटीच्या डाव्या भिंतीपाशी येऊन थांबलो. लोखंडाला कान लावला. आवाज लोखंडात नव्हता. तो पलीकडून येत होता, आणि पलीकडे पाणी होतं.

३

वर बसायच्या दालनात गरम होतं, सुपाचा वास सुटला होता. खिडकीत माणसांची गर्दी होती, कारण हिमनदीच्या दिशेने ढग उघडले होते आणि दोन्ही बाजूंचे कडे उजळले होते. धबधबे इतके, की कुठे बघावं कळत नाही. दुसऱ्या कुठल्याही वर्षी मीही तिथे उभा असतो आणि रायेन मला म्हणाली असती, बाबा, तोंड मिट.

कोपऱ्यात मारुखामावशी बसल्या होत्या. एराल्दोची बायको. तोर्तेलच्या दवाखान्यात आल्या होत्या आणि आता घरी परत चालल्या होत्या. आमची ओळख धक्क्यावरच झाली होती, अशा वेळी होते तशी, एकमेकांची तोंडं बघूनच. त्यांनी येर्बाचा कडू चहा केला, आधी नेल्दाला दिला, मग मला. आमच्यासारख्यांना लाज वाटावी इतका शांत त्यांचा हात होता.

मी त्यांना आवाजाबद्दल सांगितलं नाही. नेल्दालाही नाही. काय सांगणार? पन्नाशी उलटलेला माणूस, काळजीने पोखरलेला, त्याला मुलीच्या चाकाचा आवाज येतो यात नवल काय? रात्री दुकान बंद केल्यावरही कधीकधी माझ्या कानात चेन फिरत असते. मी स्वतःला हेच समजावत होतो, आणि समजूत बऱ्यापैकी पटत होती.

मावशींशी बोलता बोलता नेल्दाने विचारलं, की या खाड्यांत कोणी किनाऱ्याला लागलं तर ते कळतं कसं. इथे शेकडो बेटं, आणि त्यांवर माणूस नाही. मावशी म्हणाल्या, उजेडाने. धुराने. इथला एक रिवाज आहे. बोटीवरच्या कोणीही, अगदी पाहुण्यानेही, कप्तानाला जाऊन सांगितलं की मला किनाऱ्यावर उजेड दिसला, तर बोट थांबते. कप्तान उलटतपासणी करत नाही. एकदा एखाद्याला खोदून विचारलं, की पुढच्या वेळी तो दिसूनही गप्प बसेल, आणि तिकडे कोणीतरी मरेल. उजेड सांगितला की उजेड दिसला.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"आवाजाला कोण थांबतंय, बाबा? धुक्यात दगडसुद्धा बोलतात. आवाजावर थांबायचं म्हटलं तर बोट पुढेच जायची नाही."

मग त्यांनी एका फिरत्या विक्रेत्याची गोष्ट सांगितली. त्याने कड्यामागे उगवणाऱ्या चंद्राला शेकोटी समजून बोट थांबवली होती. कप्तानाने त्याला एक शब्द विचारला नाही, पण एदेनमध्ये त्याला आजही चांदोबा म्हणतात, आणि त्याचा मुलगा धाकटा चांदोबा. नेल्दा हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू होतं.

४

उन्हाळ्यात आमच्याकडे अंधार पडता पडता पडत नाही. जेवणं झाली, लोक खुर्च्यांत आडवे झाले, तरी बाहेर राखाडी उजेड होताच. मी कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो.

किनारा जवळून सरकत होता. पाण्यापर्यंत उतरलेलं जंगल, मुळं, काळे खडक, पुन्हा जंगल. त्या किनाऱ्यावरून माणूससुद्धा चालू शकत नाही. आणि तिथून, त्या झाडांच्या पायथ्याच्या रेषेतून, टिकटिक आमच्याबरोबर येत होती. मागे पडत नव्हती, पुढे जात नव्हती. कोणीतरी लांबलचक उतारावरून पाय न हलवता चालल्यासारखी.

मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून परत येत असेल. पण इंजिन लंगडत नव्हतं. पाण्याचे थेंब असतील. पण थेंब काही बोटीबरोबर धावत नाहीत. मग आवाज बंद झाला, आणि मी कठडा धरून श्वास रोखला. बंद म्हणजे काय? आता पायडल मारतेय? की? थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला, आणि मला इतकं बरं वाटलं की मीच घाबरलो. ज्या आवाजाला असायचं कारण नाही तो नसला म्हणून जीव जायला लागला, तर माणसाचं कठीण आहे.

नेल्दा माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. कधीपासून, कोण जाणे.

"काय ऐकतोयस?"

तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं.

ती हसली नाही, रडलीही नाही. कान देऊन बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, मला काही येत नाही. आणि वळून जाता जाता तिने एकच विचारलं, "जवळ येतोय की लांब जातोय?"

मी म्हणालो, तसाच आहे.

"मग तू इथेच थांब," ती म्हणाली, आणि माझं जाकीट आणायला आत गेली.

५

सकाळी धुकं इतकं दाट होतं की बोटीचं पुढचं टोक दिसत नव्हतं. भोंगा वाजला की आवाज लगेच परत यायचा, म्हणजे कडे जवळ आले होते. एदेनच्या अलीकडे खाडी चिंचोळी होते. तिथे पाणी नदीसारखं ओढतं. भरती आणि ओहोटीच्या मध्ये ते थोडा वेळ शांत होतं, तेवढ्यात मोठ्या बोटींनी पलीकडे निसटायचं. ती वेळ चुकली तर नांगर टाकून पुढच्या शांत पाण्याची वाट बघत बसायचं. म्हणून कप्तान ओयार्सो घाईत होता, इंजिनाचा सूर चढला होता.

टिकटिक मंदावली.

मी रात्रभर ती ऐकत होतो, त्यामुळे मला लगेच कळलं. उतार संपल्यावर सायकल हळू होते, ठोके लांब लांब पडायला लागतात, तशी. आणि पहिल्यांदाच ती आमच्याबरोबर पुढे सरकत नव्हती. डावीकडे एका जागी होती. आम्ही तिच्यापासून पुढे निघालो होतो.

दोन मोठे, एक दबका. मग बराच वेळ काही नाही. मग एक मोठा.

हे सगळं माझ्या डोक्यात असेल तर असो, पण त्या क्षणी मला इतकंच कळत होतं की बोट माझ्या मुलीला मागे टाकून चालली आहे. मी जिना चढून थेट कप्तानाच्या खोलीत शिरलो. कप्तान काचेतून धुक्याकडे बघत होता. त्याने मान वळवली नाही.

आवाज ऐकला असं सांगितलं असतं तर त्याने मला सौम्यपणे खाली पाठवलं असतं. तो वाईट माणूस नव्हता. मुलगी हरवलेला बाप म्हणून त्याने माझ्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला असता. म्हणून मी ते सांगितलं नाही.

"कप्तान, डावीकडे उजेड दिसला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग काचेबाहेर बघितलं. धुक्याची भिंत होती. तिथे दिवा काय, आगीचा डोंब उठला असता तरी दिसला नसता. हे त्याला कळत होतं, मला कळत होतं, आणि मला कळतंय हेही त्याला कळत होतं. थांबला तर शांत पाण्याची वेळ जाणार होती. ट्रकवाले बोंबलणार होते, एदेनमध्ये लोक सामानाची वाट बघत होते. तरी तो काही विचारेना, कारण विचारायचं नसतं. पण हुकूमही देईना.

माझ्यामागे पावलं वाजली.

"मीपण बघितला," नेल्दा म्हणाली.

ही नेल्दा कोण, ते सांगायला हवं. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी गोड बोलतो, आणि ती मागून येऊन म्हणते, ही सायकल भंगारात घाला, दुरुस्तीच्या लायकीची नाही. मोडक्या सायकलीबाबतही जी बाई खोटं बोलत नाही, ती त्या कप्तानाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी होती.

कप्तान ओयार्सोने इंजिन बंद करायला सांगितलं.

६

इंजिन थांबल्यावर जी शांतता पसरली तिची मला कल्पना नव्हती. नांगराची साखळी खडखडत गेली. तांडेल बारिया दोन खलाशांना घेऊन छोट्या होडीत उतरला. मला होडीत घेतलं नाही. मी बोट करून दिशा दाखवली आणि तो मान हलवून निघाला. धुक्याने त्यांना गिळलं. वल्ह्यांचा आवाज राहिला, मग तोही गेला.

लोक कठड्यापाशी जमले. कोणीतरी हळूच विचारलं, कोणाला दिसला उजेड, आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. मारुखामावशी शालीत हात गुंडाळून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या आशेने बघत असत्या तर मला सोसलं नसतं. खोट्या उजेडावर मी त्यांच्या नवऱ्याचा जीव तोलला होता.

टिकटिक एकदा वाजली. जवळ. अगदी बोटीखाली म्हणावी इतकी जवळ.

आणि धुकं एका जागी जरा विरळ झालं.

मी जे बघितलं ते इतकंच. पाण्यापासून हातभर उंचीवर, आमच्याकडे पाठ करून, कोणीतरी पायडलवर उभं राहून चाललं होतं. चढावर रायेन उभी राहते तसं, उजवा खांदा किंचित खाली. अंगावर जाकीट होतं की नाही, केस होते की टोपी, मला सांगता येणार नाही. पाण्यावर लाट नव्हती. मग धुकं मिटलं. आवाज बंद पडला, आणि या वेळी तो परत सुरू झाला नाही.

मी मटकन खाली बसलो. मला वाटलं, संपलं. असं काही दिसतं ते कशासाठी दिसतं, हे काय मला माहीत नव्हतं? सगळे तेच सांगतात. माणूस जाताना घरच्यांना दिसतो. मी मुलीला हाक मारायला पाहिजे होती आणि मी मारली नव्हती. मला खूप भीती वाटली आणि त्याहून जास्त दुःख झालं, आणि ते दोन्ही मी नेल्दापासून लपवायला गेलो. पण ती शेजारी गुडघ्यावर बसली होती, तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं.

"काय दिसलं?"

"काही नाही."

"नोल्बेर्तो, काय दिसलं?"

"पायडल मारत होती," मी म्हणालो. दुसरं काही तोंडातून आलंच नाही.

नेल्दाने डोळे मिटले. तिने यातून काय घेतलं मला माहीत नाही. तिने माझा हात सोडला नाही, एवढंच.

मग धुक्यातून शिट्टी आली. तांडेलाची. एक लांब, आणि तिच्यामागून लगेच दुसरी. मारुखामावशींच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज फुटला. नंतर मला कोणीतरी सांगितलं, की इथे एका जिवंत माणसाला एक शिट्टी असते.

७

ती नारिंगी होडी एका खडकावर फाटली होती. पहिल्याच दिवशी, चिंचोळ्या पाण्याच्या अलीकडे, असंच धुकं असताना. एराल्दोचा पाय मोडला होता. रायेनने त्याला ओढत झाडांखाली नेलं, ताडपत्रीचा आडोसा केला, त्याच्या पायाला फळ्या बांधल्या. त्या फळ्या बघून बोटीवरच्या परिचारिकेने विचारलं, हे कोणी शिकवलं. रायेन म्हणाली, वाकडं चाक सरळ करायचं शिकवलंय बाबाने, तसंच केलं. कच्चे शिंपले आणि पावसाचं पाणी यावर ते दोघं जगले होते. काड्या भिजल्या होत्या. एकदाही जाळ पेटला नव्हता.

हे शेवटचं तांडेल बारियाने कप्तानाला सांगितलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. जाळ नाही, दिवा नाही, विजेरी नाही. कप्तान ओयार्सोने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. माझ्याकडे बघितलं. आणि त्याने विचारलं नाही. तो फक्त म्हणाला, आता दुपारपर्यंत अडकलो, जेवायला काय आहे ते स्वयंपाक्याला विचारा. ट्रकवाल्यांनीही कुरकुर केली नाही. त्यातल्या एकाने आपल्या ट्रकातून मेंढीचा मोठा तुकडा आणून दिला.

रायेन दालनात बाकावर बसली होती, दोन जाकिटं आणि मावशींची शाल पांघरून, दोन्ही हातांत सुपाचा वाडगा धरून. ओठ फुटले होते, हातांवर खडकांचे ओरखडे होते. नेल्दा तिच्या केसांतली गाठ सोडवत होती आणि तिला वाटेल ते बोलत होती: गाढव, बेअक्कल, शिंपले खाऊन जाडी होणार होतीस ना, बघ तुझे गाल. रायेन हसत होती. मी समोर बसलो होतो आणि नुसता बघत होतो. इतका आनंद मला झेपत नव्हता.

"बाबा, सायकल गेली," ती म्हणाली. "होडी फाटली तेव्हाच. समोरच बुडाली. मी बघितली खाली जाताना. तू बांधलेलं चाक."

"जाऊ दे."

"पहिल्या दिवशीच गेली," ती पुन्हा म्हणाली. मला ऐकू गेलं नाही असं तिला वाटलं असावं.

"जाऊ दे म्हटलं ना. नवीन बांधू."

ती थोडं सूप प्याली. मग वाडगा मांडीवर ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

"तू काल रात्रीपासून येत होतास ना? मी ऐकत होते."

नेल्दाचा हात तिच्या केसांत थांबला.

"काय ऐकत होतीस?" मी विचारलं.

"तुझं चाक. टिकटिक. झाडांच्या मागून यायची, लांबून. मी एराल्दोकाकांना म्हटलं, बाबा येतोय. त्यांना वाटलं मला ताप चढलाय. म्हणाले, पोरी, इथे वाट नाही. मी म्हटलं, तुम्ही माझ्या बाबाला ओळखत नाही."

माझ्या चाकात मी ग्रीस ठासून भरतो. मला स्वतःचा आवाज आवडत नाही. माझी सायकल शेजारून गेली तरी झोपलेलं मांजर कान हलवत नाही. शिवाय ती खाली दोराने बांधलेली होती, ब्रेकवर रबराचे पट्टे होते. नेल्दाला हे सगळं माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात भीती होती, आणि मी काय बोलतो याची वाटही होती.

"हो," मी म्हणालो. "मीच होतो."

"वाटलंच मला." रायेनचे डोळे मिटायला लागले होते. "मधेमधे आवाज बंद व्हायचा. मी तसं सांगितलं की काका घाबरायचे. म्हणायचे, बघ, गेला. मी त्यांना म्हणायचे, गेला नाही हो. बंद झालाय म्हणजे बाबा पायडल मारतोय."

मी तिच्या हातातून वाडगा काढून घेतला, आणि ती आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.